साबण हीसुद्धा रसद आहे

कोल्हापुरात सैन्यभरती म्हटलं की उंची, छाती आणि सोळाशे मीटरची वेळ एवढंच बोललं जातं. पोरगं भरती झालं की वेशीत कमान लागते, हलगी कडाडते, गुलाल उधळला जातो. सैनिक टाकळी, गिरगाव अशी पिढ्यान्‌पिढ्या जवान देणारी गावं या जिल्ह्यात आहेत आणि त्यांचा अभिमान वाटायलाच हवा. पण ज्या पोराला आपण खांद्यावर घेऊन मिरवतो, ते भरतीच्या आदल्या रात्री कुठं झोपलं होतं, पहाटे शौचाला कुठं गेलं, भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादमीत असताना कुठल्या टाकीचं पाणी प्यालं आणि त्याच्या टॉवेलनं आणखी कितीजण अंग पुसत होते, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: फौजी व्हायचंय त्याला, एवढं सोसायलाच पाहिजे.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते किती महागात पडतं हे युद्धांच्या इतिहासात पानोपानी लिहिलेलं आहे. छावणीतली स्वच्छता जवानाच्या आवडीनिवडीवर कधीच ठरत नाही. वरच्यांनी व्यवस्था केली की ती असते, केली नाही की नसते. दारूगोळा आणि धान्य ज्या गांभीर्यानं पुरवतात, त्याच गांभीर्यानं साबण, कोरडे मोजे, निर्जंतुक पाणी आणि झाकलेला संडास पुरवावा लागतो. ज्या सैन्यांनी हे केलं नाही त्यांची माणसं शत्रूला गाठण्याआधीच संपली. आणि भरतीचा एवढा मोठा व्याप ज्या जिल्ह्यात चालतो, तिथं हा प्रश्न सीमेवर पोचण्याची वाट न बघता इथंच, अकादमीच्या पत्र्याच्या शेडपासून विचारायला हवा.

क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिशांची सुमारे एकवीस हजार माणसं गेली, त्यातली सोळा हजारांच्या आसपास रोगानं. स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे बेचाळीस दगावत होते. परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथं नोव्हेंबर १८५४ मध्येच पोचल्या होत्या. जेवण सुधारलं होतं, चादरी धुतल्या जात होत्या, रात्रीच्या फेऱ्या चालू होत्या, तरी माणसं मरतच होती. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्यानं इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसून काढली, पाण्याच्या वाटेत सडत पडलेला घोडा बाहेर काढला, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनमध्ये मृत्यूचं प्रमाण शंभरी दोनाच्या घरात आलं. युद्धानंतर आकडेवारी तपासताना खुद्द नाइटिंगेलबाईंना या गटारांचं महत्त्व कळलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी त्याच कामाला वाहिलं. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत होते, हे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात नोंदलं गेलं, त्यामागेही त्यांचाच रेटा होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्यांच्या हातातला दिवा आला, गटार आलं नाही.

आता आपल्या माणसांकडे वळतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, सहावी पूना डिव्हिजन गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतले पणजोबा त्या काळात 'बसऱ्याला' गेलेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफोनला मोठी लढाई झाली आणि हजारो जखमी झाले. जखमींना न्यायला पुरेशी रुग्णवाहिका गाडी नव्हती, पुरेशी रुग्णनौका नव्हती. स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांत घालून, मोडलेल्या हाडांनिशी खडखडत त्यांना नदीकाठी आणलं. तिथून बोटींवर आणि तराफ्यांवर दाटीवाटीनं भरून बसऱ्याकडं सोडलं. 'मेजिदिया' नावाच्या बोटीवर नि तिला जोडलेल्या तराफ्यांवर मिळून सहाशेच्या आसपास जखमी होते. कित्येकांना हगवण. उठून जायला ताकद नाही, जायला जागाही नाही.

ती बोट बसऱ्याला लागली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले मेजर कार्टर तिथल्या एका रुग्णनौकेवर होते. लांबून त्यांना वाटलं, बोटीच्या कडेनं दोरखंड लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं की ती माणसांची विष्ठा होती, कठड्यावरून ओघळून वाळलेली. आत जखमी आपल्याच घाणीत पडलेले, पट्ट्या कित्येक दिवस न बदललेल्या, जखमांत किडे. कार्टरनी वरिष्ठांना सगळं सांगितलं, तर त्यांनाच नसत्या उठाठेवी करणारा म्हणून सुनावण्यात आलं आणि अटकेची धमकी देण्यात आली. त्यांनी माघार घेतली नाही. पुढं चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्या बोटींवरच्या जवानांना स्वच्छतेची सवय नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे? ज्या घरांतून ते गेले, तिथं पहाटे अंगण सारवलं जायचं, पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडता यायचा नाही. सवय जवानाकडं होती. व्यवस्था नव्हती, आणि ती नाही असं सांगणाऱ्यालाच गप्प बसवलं जात होतं.

हीच डिव्हिजन माघार घेत कुत-अल-अमारात अडकली. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली तेव्हा उपासमार, हगवण आणि स्कर्व्हीनं माणसं खिळखिळी झालेली होती. युद्धस्मारकावर त्यांची नावं कोरताना कोण गोळीनं गेला आणि कोण हगवणीनं, हा फरक आपण करत नाही. ते योग्यच आहे. पण धडा घेताना तो करायला हवा, कारण हगवण टाळता येते.

घाणीतून रोग कसा येतो ते अगदी साधं आहे, आणि साधं आहे म्हणूनच दुर्लक्ष होतं. अमेरिकेनं १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पुकारलं तेव्हा स्वयंसेवकांच्या छावण्या त्यांच्याच देशात, आपल्याच जमिनीवर उभ्या राहिल्या. शत्रू समुद्रापलीकडं. तरी टायफॉइडनं त्या छावण्या पोखरल्या. लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तपास केला, तेव्हा वीस हजारांवर रुग्ण आणि दीड हजारांवर मृत्यू नोंदले गेले. उघड्या संडासांवर चुना टाकलेला असायचा. त्यांनी पाहिलं की जेवणाच्या तंबूत ताटांवर बसणाऱ्या माश्यांचे पाय पांढरे आहेत. संडासातला चुना पायांना घेऊन माशी थेट भाकरीवर येत होती. माणसाच्या हातांनीही रोग पसरत होता, कारण शौचाहून आल्यावर हात धुवायची सोय नव्हती. म्हणून सैन्याच्या नियमावल्यांत संडास स्वयंपाकघरापासून शंभरेक मीटर लांब, पाण्यापासून किमान तीस मीटर आणि उताराच्या बाजूला खणायचा, वापरल्यावर माती ओढायची, शेजारी हात धुवायचं पाणी ठेवायचं, असे नियम आले. यातल्या प्रत्येक नियमामागं माणसं मेलेली आहेत.

उवांचं तसंच. टायफस नावाचा ताप अंगावरच्या उवांमुळं पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवलं, त्याबद्दल त्यांना पुढं नोबेल मिळालं. तरी १९१५ मध्ये सर्बियात त्याच तापानं लाखाच्या वर माणसं नेली. ऊ शिवणीत राहते. कपडे उकळले, गरम इस्त्री शिवणींवरून फिरवली की ती मरते. पण उकळायला इंधन लागतं, अंगावरचा जोड धुवायला टाकायचा तर दुसरा जोड लागतो. 'जवानानं स्वच्छ राहावं' असं सांगणं फुकट असतं. दुसरा जोड फुकट येत नाही.

पायांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आमच्या पोरांचं सगळं पायांवर आहे. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात फ्रान्समधल्या खंदकांत ब्रिटिश फौजेची सुमारे वीस हजार माणसं पायांनी निकामी झाली. गोळी लागली नव्हती. चिखलपाण्यात दिवसचे दिवस बूट न काढता उभं राहिल्यानं पाय सुजले, बधिर झाले, कातडी सुटली, काहींचे कापावे लागले. यावर कुठलंही नवं औषध सापडलं नाही. उपाय निघाला तो असा: रोज बूट-मोजे काढायचे, पाय पुसून कोरडे करायचे, तेल चोळायचं, कोरडे मोजे घालायचे; जोडीजोडीनं एकमेकांचे पाय तपासायचे आणि अधिकाऱ्यानं स्वतः पाहणी करायची. एखाद्या तुकडीत पाय सडण्याचे रुग्ण वाढले की जाब त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला विचारला जाऊ लागला. तेव्हा आकडा खाली आला. सियाचीनला, जिथं १९८४ पासून आपलं सैन्य आहे, मोज्यातला घामसुद्धा गोठतो. तिथं बर्फ वितळवल्याशिवाय पाणी नाही आणि आंघोळ ही आठवड्यांच्या हिशेबानं करायची गोष्ट आहे. पण कोरडा मोजा रोज लागतो, कारण बोटं वाचणार की जाणार हे त्यावर ठरतं.

म्हणून कुणी म्हणालं, 'युद्धात कसली आलीय आंघोळ', तर मला ते पटतं. आंघोळ नसली तरी माणूस लढतो. चार गोष्टी मात्र नसल्या तर लढू शकत नाही: कोरडे पाय, धुतलेले हात, निर्जंतुक पाणी आणि माशी न पोचणारा संडास. टापटीप वेगळी. बुटाला चकाकी, पँटीला धार, गुळगुळीत दाढी, बारीक केस याला शिस्तीच्या दृष्टीनं किंमत आहे, मी ती नाकारत नाही. पण वरून दिसतं ते तपासायचं आणि मोजा काढून बघायचा नाही, ही पाहणी अर्धवट आहे. अकादम्यांत हेच चालतं. पोराचे केस वाढले तर शिक्षा होते, जांघेत नायटा पसरला तर कुणी बघत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिम यांच्या हाताखाली लाखो भारतीय जवान होते, मराठ्यांच्या पलटणीही होत्या. १९४३ मध्ये अवस्था अशी होती की एक जखमी मागं पाठवावा लागला तर त्याच्यामागं १२० आजारी पाठवावे लागत. मलेरिया, हगवण, टायफस. स्लिमनी लिहून ठेवलंय की रोगाविरुद्धची निम्म्याहून जास्त लढाई डॉक्टर लढत नाहीत, पलटणीचे अधिकारी लढतात. मलेरियाची मेपाक्रिन गोळी रोज घ्यायचा हुकूम होता, पण जवान ती टाळत. स्लिमनी अचानक तपासण्या सुरू केल्या. पलटणीत शंभरांपैकी किमान पंच्याण्णवांच्या अंगात औषध सापडलं नाही तर कमांडिंग ऑफिसरला पदावरून काढायचं. असे तिघं काढले. चौथ्याला काढायची वेळ आली नाही.

या एका उदाहरणात मला माझा सगळा मुद्दा दिसतो. स्लिमनी जवानांना व्याख्यान दिलं नाही. ज्याच्या हातात अधिकार होता त्याची खुर्ची जवानाच्या आरोग्याशी बांधली.

ही समज बाहेरून उसनी आणायची गरज नाही. ती पन्हाळ्याच्या परिसरातच लिहिली गेलीय. गगनबावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, आज्ञापत्र लिहिलं. त्यात गडाच्या बंदोबस्ताबरोबरच केराचा बंदोबस्त सांगितलाय. रस्त्यांवर, बाजारात, तटावर केरकसपट पडू द्यायचं नाही. झाडलेला केर गडाखाली ढकलायचा नाही, जागोजागी जाळायचा, आणि ती राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला करायचा. गड बांधण्याआधी पाणी बघायचं, आणि असलेलं पाणी जपायचं. हा संतांचा उपदेश नव्हे. राज्य चालवलेल्या माणसानं किल्लेदाराला नेमून दिलेलं काम आहे. पन्हाळ्यावर फिरताना अंधारबाव बघितली की कळतं: वेढ्यात पाणी नासलं तर तोफा असून उपयोग नाही, म्हणून विहिरीवर दगडी वास्तू उभारून तिला पहारा दिला.

आता माझ्या रोजच्या जगाबद्दल. माझं औषधाचं दुकान आहे. दुकानापासून थोड्या अंतरावर भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादम्या आहेत. पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी पोरं येतात, बहुतेक सतरा-अठरा वर्षांची, शेतकऱ्यांची, ऊसतोड करणाऱ्यांची, गावाकडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. काउंटरला टेकून हळू आवाजात म्हणतात, "काका, ती ट्यूब द्या की." कुठली ट्यूब हे सांगावं लागत नाही. खाजेवरची, स्टिरॉइड मिसळलेली. एकाला मी विचारलं, किती दिवस झाले? म्हणाला, "तीन महिनं झालं. खोलीतल्या सगळ्यास्नीच हाय. सर म्हणत्यात, खाजंला काय हुतंय, पळ तू."

काय होतं ते सांगतो. गजकर्ण बुरशीमुळं होतं. ओल्या, घामेजल्या, हवा न लागणाऱ्या कातडीवर ती फोफावते, आणि टॉवेल, चड्डी, अंथरूण यातून एकाकडून दुसऱ्याकडं जाते. स्टिरॉइडचं मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि पोराला वाटतं गुण आला. आत बुरशीला मोकळं रान मिळालेलं असतं, कारण तिला रोखणारी शरीराची प्रतिक्रियाच स्टिरॉइडनं दाबलेली असते. मग चट्टे कमरेवर, पोटावर, मांड्यांवर पसरतात, कातडी पातळ होते, जांघेत कायमचे व्रण उठतात. या मलमांतली बहुतेक स्टिरॉइडं २०१८ मध्ये केंद्र सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास विकली जातात, हे माझ्या धंद्यातल्या लोकांनी मान्य करायला हवं. बरं करणारा उपचार आहे, पण तो आठवडेच्या आठवडे नेटानं घ्यावा लागतो, आणि एकट्यानं घेऊन भागत नाही. खोलीतल्या दहा जणांपैकी एकानं घेतला तर उरलेल्या नऊ टॉवेलांमधून तो पुन्हा येतो.

आणि एवढं पळून, एवढं घाम गाळून मैदान मारलेलं पोर मेडिकलला उभं राहतं तेव्हा डॉक्टर कपडे काढायला सांगतात. कातडीचा आजार दिसला की तात्पुरता अनफिट. मग ठरलेल्या मुदतीत बरं होऊन लष्करी रुग्णालयात फेरतपासणी. वयाची अट पाठीशी लागलेली असते. एका कोरड्या टॉवेलाअभावी नोकरी जाऊ शकते, ही अतिशयोक्ती नाही.

तालमीचं शहर आहे हे. मातीत हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर घालून ती कसायची, रोज खणून उलटीपालटी करायची, लंगोट धुऊन उन्हात वाळवायचा, ही शिस्त इथल्या वस्तादांनी पोरांना लावली. हौद्याला पाणी मारायचं नि झाडलोट करायची ती पोरांनीच, मग ते पाटलाचं असो की मजुराचं. अकादम्या चालवणाऱ्यांत कितीतरी निवृत्त जवान आहेत. त्यांनी पलटणीत किट तपासणी दिलीय, पाय तपासून घेतलेत, पाण्याच्या टँकरवर क्लोरीन बघितलंय. त्यांना हे शिकवायची गरज नाही. त्यांना विचारायची गरज आहे.

पाण्याची तपासणी किती सोपी आहे बघा. सैन्यात हॉरॉक्सची पेटी वापरतात. तिच्यात सहा पांढरे कप नि एक काळा. काळ्या कपात ब्लिचिंग पावडरचा एक चमचा, म्हणजे दोन ग्रॅम, पाण्यात कालवायचा. पांढऱ्या कपांत आपलं पाणी भरायचं आणि त्यांत काळ्यातलं पाणी पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत टाकायचं. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पहिल्या कपात स्वच्छ निळा रंग उमटेल तो मोजायचा. तिसऱ्यात उमटला तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, सहा ग्रॅम पावडर. बस्स. शाळा न शिकलेला जवानही हे करू शकेल अशीच ती रचना आहे. आपल्या ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकून पाण्यातलं क्लोरीन बघणारी ओटी चाचणी घेतो, तेही याच जातीचं काम. मग अकादमीच्या गच्चीवर तापणाऱ्या, झाकण उडालेल्या टाकीची चाचणी कुणी घ्यायची? ग्रामपंचायतीनं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रानं. दर आठवड्याला, आणि निकाल दारावर लावून.

काहीजण म्हणतील, अकादमीची फी आधीच गरिबाला परवडत नाही, त्यात संडास वाढवायला लावले की फी वाढेल. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. पण हिशेब पूर्ण करा. तीन महिने ट्यूब, मग त्वचारोगतज्ज्ञ, गोळ्या, हगवणीचा सलाइन, बुडालेलं मैदान, हा खर्च पालकच भरतात, फक्त तो फीच्या पावतीवर दिसत नाही. महापुरासारख्या आपत्तीतल्या निवारा छावण्यांसाठी जगभर 'स्फिअर' मानकं वापरतात. त्यात वीस माणसांमागे एक शौचालय, माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, आणि महिन्याला अंगाचा २५० ग्रॅम नि कपड्यांचा २०० ग्रॅम साबण सांगितलाय. ज्याचं घर पाण्यात गेलंय त्याला द्यायची ही किमान सोय. घरातून धडधाकट निघालेल्या, फी भरलेल्या पोराला याहून कमी मिळत असेल तर ते कुठल्या तोंडानं खपवून घ्यायचं? मेसला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, तशी राहण्याच्या सोयीलाही अट लावता येते.

मुलींचा प्रश्न तर याहून बिकट. पोलीस भरतीला मुली कधीपासूनच उतरतात, आता मिलिटरी पोलिसांतही जवान म्हणून जातात. त्यांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली. पाळीच्या दिवसांत पहाटे पळून आल्यावर पॅड बदलायला आडोसा नाही, टाकायला डबा नाही, म्हणून मुली कमी पाणी पितात आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन औषधाला येतात. याला कुणीही 'सोसायची सवय' म्हणू नये.

आणखी एक अडचण आहे, ती पैशाची नाही. संडास साफ करणं हे अमुक जातीचं काम, हा समज आपल्या हाडीमाशी भिनलाय. त्यामुळं स्वच्छतेची व्यवस्था करणाऱ्याला मान नाही, तिच्यासाठी पैसा मागणाऱ्याला लाज वाटते, आणि सगळी घाण कुणा एका बाईच्या खराट्यावर सोडून बाकीचे मोकळे होतात. आघाडीवर हे चालत नाही. तिथं चर ज्याचा त्यानं खणायचा, माती ज्याची त्यानं ओढायची. शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात सर्वांदेखत चहा घेतला, त्या शहरात अकादमीच्या पाळीपत्रकावर संडास सफाईत प्रत्येक पोराचं नाव असायला हवं, आणि पहिल्या ओळीत प्रशिक्षकाचं. साहेब स्वतः उतरला की काम हलकं राहत नाही.

मैदानाबद्दलही बोललं पाहिजे. अग्निवीरांसाठी २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा नि मग मैदान असं झाल्यानं गर्दी कमी झालीय, ही चांगली गोष्ट आहे. पण थेट मैदानावर बोलावणाऱ्या भरतीला अजूनही परजिल्ह्यांतली, परराज्यांतली पोरं रात्रीच येतात, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपतात. अशा वेळी कोल्हापूरकर जेवण देतात, तालीम मंडळं अंथरुणं देतात. माणुसकीला हे शहर कधी कमी पडलं नाही. पण पोटभर जेवू घातलेल्या हजारो पोरांनी पहाटे जायचं कुठं? फिरती शौचालयं यात्रांना येतात तशी इथंही यायला हवीत, आणि भरतीच्या जाहिरातीतच मुक्कामाची जागा, शौचालयं आणि पाण्याचे नळ कुठं ते छापलेलं असायला हवं. ते पुरवायची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर असावी. न पुरवल्यास जाब त्यालाच.

यासाठी नव्या कायद्याची वाट बघायला नको. स्वातंत्र्यदिनी प्रत्येक गावात झेंडावंदनानंतर माजी सैनिकांचा सत्कार होतो आणि ग्रामसभाही भरते. ज्या गावांच्या हद्दीत अकादम्या आहेत, त्यांनी येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा: वीस मुलांमागे एक शौचालय, प्रत्येक शौचालयापाशी पाणी आणि साबण, कपडे वाळवायला ऊन लागेल अशी जागा, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र टॉवेल, आठवड्याला पाण्याची चाचणी, महिन्याला आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून कातडी आणि पायांची तपासणी. सत्कार झालेल्या माजी सैनिकांपैकी दोघा-तिघांची पाहणी समिती त्याच सभेत नेमावी. त्यांना काय बघायचं ते कुणी सांगावं लागणार नाही. आणि आपण औषध दुकानदारांनी त्याच दिवसापासून चिठ्ठीशिवाय ती ट्यूब द्यायचं बंद करावं. पोराला आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा, आणि खोलीतल्या बाकीच्यांनाही घेऊन जा म्हणून सांगावं.